लाकडी ठोकळे आणि कागदाच्या घड्या : फ्रेडरिक फ्रोबेल

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात हस्तकलेचा तास बहुधा मधल्या सुट्टीनंतर येतो. गणिताचा भाग मागे पडला किंवा परीक्षा जवळ आली, की पहिली कात्री याच तासाला लागते. रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई विणणे, चौरस कागदाला घड्या घालून होडी करणे, ओल्या मातीचे गोळे वळणे, ठोकळ्यांवर ठोकळे रचणे ही कामे मुलांना आवडतात म्हणून चालू द्यावीत, एवढाच त्यांचा मान. परंतु हे उद्योग शाळेत आले ते विरंगुळा म्हणून नव्हे. त्यांची मांडणी करणारे गृहस्थ स्फटिकांचे अभ्यासक होते. आणि ज्या बालशाळांत हे उद्योग चालत, त्या शाळा त्यांच्या हयातीतच एका बलाढ्य राज्याने धोकादायक ठरवून बंद केल्या. त्या गृहस्थांचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल.

जर्मनीच्या मध्यभागी थुरिंजिया हा डोंगराळ, दाट अरण्यांचा प्रदेश आहे. तेथील ओबरवाइसबाख या गावी 21 एप्रिल 1782 रोजी फ्रोबेल यांचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. मूल नऊ महिन्यांचे असतानाच आई वारली. वडील आपल्या व्यापात बुडालेले, आणि घरात सावत्र आई आली. तिने प्रारंभी या पोरक्या मुलाला जवळ केले. पण स्वतःचा मुलगा झाल्यावर तिची माया आटली. ती त्याला 'तू' म्हणेनाशी झाली आणि त्या काळी चाकरमाणसांना उद्देशून योजले जाणारे परके सर्वनाम त्याच्यासाठी वापरू लागली. एका सर्वनामाचा तो बदल फ्रोबेल वृद्धापकाळापर्यंत विसरले नाहीत. ज्याला घरात खेळायला कोणी नव्हते, त्याने पुढे जगभरच्या मुलांसाठी खेळ शोधावेत, यात काही कार्यकारणभाव असावा असे मानण्याचा मोह टाळता येत नाही.

दहाव्या वर्षी मामांनी त्याला आपल्या घरी नेले. मामांकडची वर्षे सुखाची गेली. तेथे शाळा होती, सोबती होते, नदीकाठी मोकळे हिंडणे होते. पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवण्यात आले. गुरूला शिकवायला फुरसत नव्हती. शिष्याने अरण्यात एकट्याने फिरून झाडे ओळखली आणि मिळतील ती पुस्तके वाचून भूमिती शिकून घेतली. पुढे येना विद्यापीठात शिकत असलेल्या भावाकडे तो पैसे पोहोचवण्यासाठी गेला आणि तेथेच विद्यार्थी म्हणून राहिला. पण खाणावळीचे देणे थकले आणि या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. वडिलांच्या मिळकतीवरचा हक्क सोडल्यानंतरच सुटका झाली. पैशाचा हिशेब त्यांना तेव्हाही जमला नाही आणि पुढेही कधी जमला नाही.

नंतरची काही वर्षे कारकुनी, जमीनमोजणी, जमीनदारांची चिटणिशी अशा फुटकळ नोकऱ्यांत गेली. वास्तुशास्त्र शिकावे म्हणून 1805 साली ते फ्रँकफुर्टला गेले. तेथे पेस्टालोझी यांच्या पद्धतीने चालणाऱ्या एका आदर्श शाळेचे प्रमुख ग्रूनर यांच्याशी ओळख झाली. वास्तुशास्त्र बाजूला ठेवा आणि शिक्षक व्हा, असे ग्रूनर यांनी सुचवले. फ्रोबेल वर्गात उभे राहिले आणि तेवीस वर्षांची वणवण एका दिवसात संपली. आपली जागा हीच, हे त्यांना तत्काळ उमगले.

स्वित्झर्लंडमधील इव्हर्दाँ येथील पेस्टालोझी यांची शाळा हे त्या काळी युरोपातील शिक्षकांचे तीर्थक्षेत्र होते. एका कुटुंबातील तीन मुलांचे खासगी शिक्षक या नात्याने, त्या मुलांसह, फ्रोबेल 1808 ते 1810 या काळात तेथे राहिले. वस्तू पाहून, हाताळून शिकावे हा धडा त्यांनी तेथे घेतला. मात्र त्यांचे समाधान झाले नाही. मुलांसमोर येणाऱ्या वस्तूंत परस्परांशी काही नाते असावे, एकीतून दुसरी उमलावी, असे त्यांना वाटे; आणि ते नाते इव्हर्दाँच्या धड्यांत त्यांना दिसेना.

ते त्यांना सापडले दगडांत. ग्योटिंगेन आणि मग बर्लिन येथे त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन विज्ञानाचा अभ्यास आरंभला. 1813 साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसैनिक म्हणून गेले. लढाईपेक्षा तेथे लाभलेले दोन तरुण मित्र, लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ, हीच त्या मोहिमेची खरी कमाई ठरली. परतल्यावर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात, स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली, ते साहाय्यक म्हणून रुजू झाले. दिवसभर निरनिराळ्या खनिजांचे नमुने पाहायचे, त्यांची प्रतवारी लावायची, असे काम. कुठे घन, कुठे अष्टफलक, कुठे षट्कोनी स्तंभ. कोणी बाहेरून घडवलेले नाही. आतल्या नियमानेच आकार उमटलेला. एका साध्या आकारापासून कडा आणि कोपरे छाटले जाऊन दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा आकार कसा होतो, हे त्या फळ्यांवर मांडून ठेवलेले होते. पुढे मुलांच्या हाती त्यांनी जे ठोकळे दिले, त्यांचे मूळ या संग्रहालयात आहे.

युद्धकाळात त्यांचे वडील बंधू ख्रिस्तोफ जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीच्या ज्वराने दगावले होते. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा होता. 1816 साली फ्रोबेल यांनी संग्रहालयातील नोकरी सोडली आणि ग्रिशाइम या खेड्यात शाळा उघडली. विद्यार्थी पाच, पाचही सख्खे पुतणे. त्यांतील एकाचे नाव कार्ल. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुढल्याच वर्षी शाळा काइलहाऊ येथे हलली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल येऊन मिळाले. बर्लिनच्या सुखवस्तू घरातल्या विल्हेल्मिना यांनी 1818 साली फ्रोबेल यांच्याशी विवाह केला आणि खेड्यातल्या या कायम कर्जबाजारी शाळेचा संसार पत्करला. 1826 साली मानवाच्या शिक्षणाविषयीचा फ्रोबेल यांचा मोठा ग्रंथ निघाला. तो वाचणे सोपे नाही. वाक्ये लांब, विचार गुंतागुंतीचे, आणि तत्त्वज्ञानाचे धुके सर्वत्र पसरलेले. फ्रोबेल यांना लिहिताना पाहण्यापेक्षा मुलांबरोबर खेळताना पाहावे, तेव्हा ते समजतात, असा त्यांना भेटलेल्या अनेकांचा अनुभव होता. सरकारांना तर ग्रंथही समजला नाही आणि खेळही. काइलहाऊत बंडखोर तयार होतात अशी कुजबुज झाली, चौकशी लागली. तपासनिसाने शाळेची स्तुती केली. तरी बिथरलेले पालक परतले नाहीत. विद्यार्थी झपाट्याने घटले आणि 1831 साली फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले.

तेथे बुर्गडॉर्फच्या अनाथालयाचे काम पाहताना त्यांच्या दृष्टीस एक गोष्ट पडली. शाळेच्या वयाआधीची चार-पाच वर्षांची मुले त्यांच्यापुढे होती, आणि या वयाच्या मुलांसाठी कोणाकडेच काही नव्हते. पुस्तक त्यांना वाचता येत नाही, उपदेश कळत नाही. मात्र त्यांचे हात क्षणभर स्वस्थ नसतात. हा चाळा मोडून काढायचा नसून त्यालाच वळण द्यायचे, हे ज्या दिवशी त्यांनी ठरवले त्या दिवशी हस्तकलेच्या तासाचा जन्म झाला असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा फ्रोबेल पन्नाशी ओलांडून गेले होते.

1837 साली, पत्नीच्या आजारपणामुळे जर्मनीत परतून, त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथील एका जुन्या गिरणीच्या इमारतीत आपले नवे काम मांडले. येथे तयार झालेल्या साहित्याला त्यांनी 'देणग्या' म्हटले. पहिली देणगी अगदी तान्ह्या मुलासाठी : लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू, इंद्रधनुष्याच्या सहा रंगांचे, दोरीला बांधलेले. दुसरी देणगी लाकडाची : गोल, घन आणि दंडगोल. घन दोरीला टांगून गरकन फिरवला, की फिरता फिरता त्यात दंडगोल दिसू लागतो. मूल टाळ्या पिटते. आणि एका आकाराच्या पोटात दुसरा आकार असतो हे स्फटिकशास्त्राचे सूत्र त्याने नकळत पाहिलेले असते.

तिसऱ्या देणगीत एका लाकडी पेटीत आठ लहान घन असतात. ते मिळून एक मोठा घन होतो. ती देण्याचीही रीत ठरलेली होती. पेटी मेजावर पालथी ठेवायची, झाकण हळूच ओढून घ्यायचे, पेटी वर उचलायची : मुलासमोर अखंड घन उभा राहतो. मग ते मूल त्याचे भाग करते, खुर्ची करते, जिना करते, पूल करते. एक रचना पाडून दुसरी करायची नाही. आहे तीच थोडी सरकवून पुढची घडवायची. काही उरता कामा नये. बाजूला पडलेल्या ठोकळ्यालाही त्या चित्रात काही स्थान हवे. शेवटी पुन्हा अखंड घन करून पेटी बंद. या रचना तीन प्रकारच्या असत. घर, पूल, बाक ही जीवनातली रूपे. मध्यबिंदूभोवती फुलणाऱ्या नक्षीसारखी सौंदर्याची रूपे. आणि अर्धे, पाव, दुप्पट दाखवणारी ज्ञानाची रूपे. तेच आठ ठोकळे सकाळी घर होत, दुपारी फूल होत आणि त्यांतूनच अपूर्णांक समजत. चित्रकला आणि गणित यांच्यामध्ये आज वेळापत्रकात जी भिंत आहे, ती त्या मेजावर नव्हती.

पुढच्या देणग्यांत विटांसारखे आणि तिरके कापलेले ठोकळे आले. त्यांनंतर पातळ रंगीत फरशा, मग काड्या, मग बिया. घनापासून पृष्ठ, पृष्ठापासून रेषा, रेषेपासून बिंदू, असा तो प्रवास आहे. आणि बिंदूपाशी पोहोचल्यावर उलट वाटेने 'उद्योग' सुरू होतात. सुईने कागदाला टोचे मारणे हा बिंदू. ते टोचे दोऱ्याने शिवणे आणि चौकटीच्या पाटीवर रेघा ओढणे ही रेषा. कागदाच्या पट्ट्यांची चटई विणणे, घड्या घालणे, कातरकाम करणे हे पृष्ठ. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून घराचा सांगाडा उभारणे आणि शेवटी चिकणमातीतून पुन्हा गोल, घन, फळ, भांडे घडवणे हा घन. वरवर पाहता सुट्यासुट्या वाटणाऱ्या या हस्तकलांच्या पाठीमागे असा सलग धागा होता. तो धागा माहीत नसलेल्या शिक्षकाच्या हाती त्या नुसत्या कृती उरतात, ही गोष्ट पुढे खरी ठरली.

1839 साली विल्हेल्मिना गेल्या. या दांपत्याला मूल नव्हते. पुढच्या वर्षी वसंतात फ्रोबेल सहकाऱ्यांबरोबर डोंगर ओलांडून ब्लांकेनबुर्गकडे चालले होते. आपल्या संस्थेला साजेसे नाव कित्येक दिवस सुचत नव्हते. ते त्या वाटेवर एकाएकी सुचले. किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. 28 जून 1840 रोजी संस्थेची रीतसर स्थापना झाली. नाव केवळ अलंकारिक नव्हते. फ्रोबेल यांच्या योजनेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असे आणि सर्वांचे मिळून सामाईक वाफे असत.

या बागेची माळीण कोण, याविषयीही त्यांचे मत त्या काळाला रुचणारे नव्हते. लहान मुलांचे शिक्षण हे तरुण स्त्रियांनी शिकून घेण्याचे, प्रतिष्ठेचे काम आहे, असे ते मानत आणि त्यासाठी त्यांनी प्रशिक्षणवर्ग काढले. 1848 साली रुडोल्स्टाट येथे भरलेल्या शिक्षकांच्या सभेत त्यांची थट्टाही झाली. पुढल्या वर्षी ते लीबेनश्टाइन या आरोग्यस्थानी राहायला गेले. तेथे सरदारघराण्यातील मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या बाई हवापालटासाठी आल्या होत्या. गावात एक वेडगळ म्हातारा पोरांबरोबर नाचतो, गातो, असे त्यांच्या कानावर आले. त्या मुद्दाम पाहायला गेल्या. डोंगरावरून मुलांची रांग येत होती, आणि पुढे पांढऱ्या केसांचे सडसडीत फ्रोबेल चालत होते. ज्या गोष्टीला गाव हसत होते, तिच्यासाठी या बाईंनी पुढले सारे आयुष्य वेचले.

आणि मग तो घाला आला. 7 ऑगस्ट 1851 रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री राउमर यांनी आपल्या राज्यातील किंडरगार्टनांवर बंदी घातली. 1848 च्या क्रांतीची धास्ती सरकारच्या मनातून गेली नव्हती. फ्रोबेल या आडनावाच्या एका लेखकाने मुलींची उच्च विद्यालये आणि किंडरगार्टन यांविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तिच्यात समाजवाद आणि नास्तिकता यांचा वास मंत्र्यांना आला. ती पुस्तिका होती कार्ल फ्रोबेल यांची, म्हणजे ग्रिशाइमच्या पहिल्या पाच विद्यार्थ्यांतल्या त्या पुतण्याची. सरकारने काका आणि पुतण्या यांच्यात गल्लत केली. फ्रोबेल यांनी खुलासे पाठवले, राजाकडे दाद मागितली. काही उपयोग झाला नाही. एकदा निघालेला हुकूम चुकीचा होता असे म्हणणे कोणत्याच दफ्तराला आवडत नाही.

अर्थात ही केवळ नावाची गल्लत होती असे मानणे भोळेपणाचे ठरेल. मुलाने सांगितलेले पाठ करावे अशी अपेक्षा असलेल्या राज्याला, मूल स्वतःच्या हातांनी काही घडवते, मोडते, पुन्हा रचते, आणि हे सारे त्याला एक स्त्री शिकवते, ही कल्पनाच अस्वस्थ करणारी होती.

त्याच उन्हाळ्यात फ्रोबेल यांनी आपल्या शिष्या लुईझ लेव्हिन यांच्याशी दुसरा विवाह केला होता. मारिएनथाल येथे प्रशिक्षणवर्ग चालूच राहिले. एप्रिल 1852 मध्ये मुलांनी आणि विद्यार्थिनींनी त्यांचा सत्तरावा वाढदिवस फुलांनी साजरा केला. 21 जून 1852 रोजी त्यांचे निधन झाले. बंदी कायम होती. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल अशी दुसरी देणगी दगडात रचली आहे.

बंदी उठली 1860 साली. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. मारेनहोल्ट्झ-ब्यूलो बाई युरोपभर व्याख्याने देत हिंडत होत्या, आणि देश सोडून गेलेल्या जर्मनांनी ठोकळ्यांच्या पेट्या आपल्याबरोबर नेल्या होत्या. अमेरिकेतले पहिले किंडरगार्टन 1856 साली विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे मार्गारेटे शुर्झ यांनी आपल्या मुलीसाठी आणि आप्तांच्या मुलांसाठी घरात उघडले, आणि त्याची भाषा जर्मन होती. परक्या मुलखात आपल्या भाषेची शाळा चालवणाऱ्यांना या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रसाराबरोबर ऱ्हासही आला. फ्रोबेल यांचे खेळ छापील पुस्तिकांत बसले. शिक्षिका हुकूम सोडे आणि चाळीस मुले एकाच वेळी एकच घडी घालीत. एकसारख्या विणलेल्या चटया वहीत चिकटवून अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या जात. टोचण्याच्या आणि शिवण्याच्या बारीक कामाने कोवळ्या डोळ्यांवर ताण पडतो, अशी रास्त टीका झाली. या दोषाचे सगळे खापर अनुयायांवर फोडता येणार नाही. आपल्या क्रमाविषयी फ्रोबेल स्वतः हट्टी होते, आणि तो क्रम त्यांनी इतका रेखीव आखला की त्यात मुलाच्या लहरीला जागा थोडी उरली. वर्गाच्या भिंतीवर आज जेव्हा एकाच छापाची तीस फुलपाखरे लागतात, तेव्हा त्या चुकीचीच पुनरावृत्ती होत असते.

तरीही जेथे मुलाच्या हातात ती पेटी मोकळेपणाने पडली, तेथे तिने काय केले हे पाहण्यासारखे आहे. 1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात एका आईने या देणग्या पाहिल्या आणि मुलासाठी घेतल्या. तो मुलगा पुढे जगद्विख्यात वास्तुविशारद झाला : फ्रँक लॉइड राइट. त्या गुळगुळीत ठोकळ्यांचा स्पर्श बोटांतून कधी गेला नाही, हे त्यांनी उतारवयात आवर्जून नमूद केले आहे.

भारतातही एक उदाहरण आहे, आणि ते कमी परिचित आहे. मद्रासचे टी. सुंदर राव यांच्या मनाने फ्रोबेल यांच्या देणग्यांपैकी कागदाच्या घड्या घेतल्या. एक साधा चौरस कागद घडी घालत गेल्यास भूमितीची किती प्रमेये हाताने दाखवता येतात, याचा त्यांनी छंद घेतला. समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन आणि पुढे वक्ररेषांवरचे बिंदूदेखील त्यांनी केवळ घड्यांनी मिळवले. या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1893 साली मद्रासला प्रसिद्ध झाले आणि त्याची कल्पना बालवर्गातल्या घडीकामावरून सुचली, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. दोन वर्षांनी जर्मनीतील थोर गणिती फेलिक्स क्लाइन यांनी भूमितीवरील आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात या पुस्तकाचा उल्लेख केला. 1901 साली त्याची सुधारित आवृत्ती शिकागोहून निघाली, आणि ते पुस्तक आजही छापले जाते.